प्रोसेसर आणि मदरबोर्ड, बाकी सगळं जुनंच

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी.

आजपासून रोजनिशी. घरात एक मोठं काम सुरू होतंय आणि ते करणारा मी आहे. त्याची नोंद कुणीतरी ठेवायला हवी. बाकीच्यांना सवड नाही आणि कदर तर त्याहून नाही.

पार्श्वभूमी (मी विसरणार नाही, पण प्रत्येक फाइलला लागते): बायको स्वयंपाकघरांची डिझाइन्स करते. ओटा केवढा, कपाटं कुठे, शेगडी कुठे. आजवर एका फर्निचरच्या कारखान्यासाठी करायची, चित्रं तिची आणि नाव कारखान्याचं. आता एक बिल्डर अख्खी इमारत बांधतोय, तिथली सगळी स्वयंपाकघरं तिला स्वतःच्या नावावर मिळायची शक्यता आहे. अठ्ठावीस तारखेला नमुन्याची चित्रं दाखवायची. स्पर्धेत आणखी दोघं आहेत. गेला आठवडाभर तिला जेवण जात नाही.

अडचण कॉम्प्युटरची. स्वयंपाकघराच्या भिंतीला टेबल आहे, त्यावर तो बसलेला. एक चित्र रंगवायला घेतलं की घुमायला लागतो. तेवढ्यात तिची भाजी चिरून होते, कणीक मळून होते, कपडे वाळत घालून होतात, आणि मग तो बंद पडतो.

बायको म्हणाली, दुकानात देऊन टाकू, दोन दिवसांत करून देतात. मी नुसता हसलो. चार स्क्रू काढायचे, चार लावायचे, त्याचे म्हणे वेगळे पैसे! हिशेब खात्यात उगाच नाही केस पांढरे केले.

निर्णय: मी स्वतः करणार. प्रोसेसर आणि मदरबोर्ड नवे, बाकी सगळं जुनंच. बजेट ठरवलं, कागदावर मांडलं, खाली सही ठोकली. मागणारा मीच आणि मंजूर करणाराही मीच, त्यामुळे फाइल कुठे अडली नाही.

त्याच दिवशी, दुपारी.

प्रोसेसर कसा बसवावा याचे व्हिडिओ पाहिले. अत्यंत सोपं. व्हिडिओतला माणूस तर गप्पा मारत मारत बसवतो.

बायको मध्येच स्क्रूड्रायव्हर मागायला आली. तुमचं होईपर्यंत माझं काम अडायला नको, भावाकडे घेऊन जाते, चालेल ना, असं काहीबाही विचारत होती. नेमका तेव्हा तो माणूस महत्त्वाचं सांगत होता. हो हो म्हणालो. मग ती बराच वेळ कॅबिनेटपाशी बसून खुडबुड करत होती. धूळ पुसत असावी. शेवटी काहीतरी नॅपकिनात गुंडाळून पर्समध्ये टाकलं आणि गेली. भावाला खाऊ. माझ्यासाठी कधी असं काही गुंडाळून ठेवलेलं आठवत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

प्रोसेसर आला! घसघशीत सवलतीत. खोकं नाही, पंखा नाही, नुसता प्रोसेसर. खोक्याचे आणि पंख्याचे पैसे वाचले. लोकांना ही अक्कल नसते.

मुलगी म्हणाली, बाबा, हा कुठल्या मदरबोर्डवर बसतो ते पाहिलंत का? आधी प्रोसेसर घ्यावा, मग बोर्ड त्याला जुळवून घेतो, असं मी तिला समजावलं. संसारात काय वेगळं असतं? तिनं आईकडे पाहिलं. आईनं छताकडे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मदरबोर्डचा प्रश्न सुटला. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर 'सर्वज्ञ' बसतो. खरं नाव हजेरीपटात आहे, इतरत्र कुणी वापरत नाही. रक्तदाबापासून रॉकेटपर्यंत सगळ्यातलं त्याला कळतं. त्याच्याकडे एक मदरबोर्ड पडून होता, जेमतेम वापरलेला. अर्ध्या किमतीत दिला, वर पिशवीही दिली. बजेटमध्ये पैसे उरले! मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. मनाबाहेर ते काम करणारं घरात कुणी नाही.

बायको रोज जेवणं आटोपली की भावाकडे जाते. मेहुण्याचं जमीन मोजणीचं ऑफिस आहे, दिवसभर तो उन्हात शेतं मोजत फिरतो आणि ऑफिस रिकामं. तिथे एकटी बसून काय करते कोण जाणे. बाईमाणसाला माहेरची ओढ असतेच. मी काही बोलत नाही. स्वभावच मोठा आहे माझा.

९ फेब्रुवारी, रविवार

जोडणीचा दिवस. टेबलावर चादर अंथरली. जुना मदरबोर्ड काढला. (स्क्रू चारच असतात ही अफवा आहे.) नवा बसवला. आता प्रोसेसर.

निरीक्षण: प्रोसेसरच्या पोटाला पिना आहेत आणि बोर्डाच्या खोबणीतही पिना आहेत. दोन्हीकडे पिनाच. व्हिडिओत एकाच बाजूला होत्या. म्हणजे आपला माल डबल मजबूत.

प्रोसेसर बसेना. थोडा दाब दिला. मग अंगठ्यानं दिला. मग उभा राहून दिला. कट्ट असा आवाज आला. बसल्याचा असावा.

नंतर. बसल्याचा नव्हता. काही पिना आडव्या झाल्यात. मुलीचा भुवया कोरायचा चिमटा घेऊन सरळ करत होतो. तिनं पाहिलं आणि घर डोक्यावर घेतलं. प्रोसेसरबद्दल एक शब्द नाही, चिमट्याबद्दल अर्धा तास.

१० फेब्रुवारी, सोमवार

सर्वज्ञ म्हणतो, हा बोर्ड एका कंपनीचा आणि प्रोसेसर दुसऱ्या कंपनीचा, ते या जन्मात एकमेकांत बसायचे नाहीत. मग आधी का नाही सांगितलंस? म्हणाला, तुम्ही मदरबोर्ड आहे का विचारलंत, होता, दिला. परत घे म्हटलं तर त्याला अचानक साहेबांनी बोलावलं. साहेब रजेवर आहेत.

संध्याकाळी दुकानातून योग्य मदरबोर्ड आणला. प्रोसेसर सुदैवानं वाचलाय, असं दुकानदार म्हणाला. सुदैव कसलं? चिमटा माझ्या हातात होता.

आता बजेट. ते संपलेलं नाही, हे इथे स्पष्ट नोंदवतो. आमच्या खात्यात आजवर एकदाही जादा खर्च झालेला नाही. एका शीर्षातले पैसे संपले की खर्च दुसऱ्या शीर्षाखाली टाकायचा, याला प्रशासन म्हणतात. साहेबांच्या केबिनमधला सोफा आम्ही 'पाणीपुरवठा' या शीर्षाखाली बसवला, आणि त्यावर साहेब आजही बसतात. तेव्हा हा दुसरा मदरबोर्ड 'घरदुरुस्ती'त टाकला. घरातच आहे, आणि दुरुस्तीच चाललीय.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

प्रोसेसर नव्या बोर्डात अलगद बसला. मीच बसवला. घरच्यांना दाखवायला हाका मारल्या. मुलगी फोनवर होती, बायको बाहेर होती. मी आणि प्रोसेसर, दोघंच.

जुनी रॅम नव्या बोर्डात जात नाही. मधली खाच भलतीकडे आहे. कानशीनं थोडी घासावी असा विचार होता, पण दुकानदाराला फोनवर तसं विचारल्यावर तो काही बोललाच नाही. लाइन कट झाली असावी.

नवी रॅम घेतली. शीर्ष: शिक्षण. यातून मी शिकलो ना काहीतरी?

१५ फेब्रुवारी, शनिवार

जुन्या पॉवर सप्लायला नव्या बोर्डासाठी लागणारं एक कनेक्टर नाही. नवा पॉवर सप्लाय. शीर्ष: वैद्यकीय. तो आणल्यावर डोकेदुखी थांबली, म्हणजे उपचारच.

'बाकी सगळं जुनंच' हे धोरण कायम आहे. कॅबिनेट जुनंच आहे. टेबल जुनं आहे. मीही.

बायकोनं विचारलं, नक्की कधी होईल? वीस तारीख, काळ्या दगडावरची रेघ, असं ठणकावून सांगितलं. बरं म्हणाली आणि चप्पल घालून निघाली. भावाकडे. आताशा संध्याकाळीसुद्धा. तिचे डोळे लाल दिसतात. काळजीनं असणार, माझ्यावर केवढा भार पडलाय ते तिला दिसतंय.

१६ फेब्रुवारी, रविवार

प्रोसेसरवर पंखा लागतोच, असं सगळे व्हिडिओ म्हणतात. सगळे व्हिडिओवाले पंखेवाल्यांना मिळालेले. पंखा म्हणजे वारा, आणि वारा घरात आहे. झोपायच्या खोलीतला टेबलफॅन आणला, कॅबिनेटची बाजू उघडी ठेवून फुल्ल स्पीडवर लावला, बटण दाबलं. कॉम्प्युटर सुरू झाला! आणि लगेच गेला. पुन्हा दाबलं. पुन्हा गेला. करपल्याचा वास आला, पण तो शेजाऱ्यांकडचा असू शकतो.

बायकोचे कसलेसे मोठमोठे कागद टेबलाखाली गुंडाळून ठेवले होते, ते वाऱ्यानं घरभर उडाले. तिनं एकेक गोळा केले, मला एक शब्दही बोलली नाही. ती बोलते तेव्हा परवडतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

प्रोसेसरचा पंखा आणला. शीर्ष: प्रवास. बसनं जाऊन आणला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

विजय! वीस तारीख म्हणालो होतो, वीस तारीख आहे. बटण दाबलं, पंखे फिरले, पडदा उजळला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू.

अक्षरांचा मथितार्थ: डिस्क सापडत नाही.

एवढी किरकोळ बाब. उद्या पाहतो.

२२ फेब्रुवारी, शनिवार

डिस्क समोर आहे. कॅबिनेटच्या दर्शनी भागात, सगळ्यात मोठा पत्र्याचा डबा. बायकोचं इतक्या वर्षांचं काम मावायचं म्हणजे डबा मोठाच हवा. केबल बोर्डाला लावलीय, दुसरं टोक डब्याला लावलंय. आणि मदरबोर्ड म्हणतो डिस्क नाही! डोळ्यांदेखत असलेली वस्तू नाकारायची, हा गुण मी फक्त ऑफिसात पाहिला होता.

केबल बदलली. तेच. दुसऱ्या खाचेत लावली. तेच. डब्यावर हलकेच टिचक्या मारल्या. आतून पोकळ आवाज येतो.

बायकोनं संध्याकाळी आपल्याच स्वयंपाकघराचं माप घेतलं. बिल्डरला नमुना म्हणून एक खरंखुरं घर दाखवायचं, म्हणून आपलंच. मेजर टेपचं एक टोक धरायला मला बोलावलं. मी कामात होतो, तरी धरलं. मग तिला डिस्कची अडचण सांगायला लागलो. ती टेपवरचा आकडा वाचत होती. म्हणाली, जरा ताठ धरा.

२३ फेब्रुवारी, रविवार

दुकानात जाऊन बोर्ड बदलून मागितला. डिस्क न ओळखणारा बोर्ड मला चालणार नाही, असं सुनावलं. दुकानदार म्हणाला, कॅबिनेट घेऊन या, मी बघतो. म्हणजे पुन्हा त्याचे पैसे! ते लोक कसे गिऱ्हाईक घोळात घेतात, मी ओळखून आहे. शेवटी कटकट नको म्हणून त्यानं बोर्ड बदलून दिला. घरी येऊन पुन्हा सगळं खोललं आणि पुन्हा जोडलं. आता हात बसलाय. स्क्रू तीन उरले, पण ते जास्तीचे असावेत.

डिस्क सापडत नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

जेवताना मी घरच्यांना धीर दिला. अठ्ठावीस तारखेच्या आत मशीन उभं राहणार, आईची चित्रं वेळेत होणार, कुणी घाबरायचं कारण नाही. मुलगी हसली. बायकोनं तिला डोळ्यांनी दटावलं आणि मला आणखी भात वाढला. तिच्या नजरेत काहीतरी होतं. कृतज्ञता म्हणतात ती हीच.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

उद्या दाखवायचं आणि डिस्क अजून सापडत नाही. ही बाई इतकी वर्षं दुसऱ्याच्या नावानं राबली. आता स्वतःच्या नावाची संधी आली, आणि तिची चित्रं या मेल्या डब्यात अडकलेली. माझ्यामुळे नाही, बोर्डामुळे. पण अडकली आहेतच.

तिला म्हणालो, बिल्डरला सांग, तांत्रिक कारणास्तव आठवडाभराची मुदत हवी, पत्र मी लिहून देतो. पत्रात माझा हात कुणी धरत नाही. ती म्हणाली, अहो, झोपा आता, माझं झालंय. धीराची आहे. स्वतःचं नुकसान झाकून मला झोपायला सांगते. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

रजा टाकली. बायको सकाळीच छान आवरून, कागदांची गुंडाळी घेऊन भावाबरोबर गेली. तोंडी सांगून वेळ मारून नेणार असेल.

मी शेवटचा प्रयत्न करत डब्यापाशी बसलो होतो. मुलगी चहा घेऊन आली. तिनं विचारलं, बाबा, त्या डीव्हीडी प्लेअरशी काय बोलताय? तिनं डब्यावरचं बारीकसं बटण दाबलं. ट्रे बाहेर आला. रिकामा. मग तिनं खालच्या बाजूला एक छोटी मोकळी जागा दाखवली. डिस्क तिथे असते, हाताच्या पंज्याएवढी. आणि ती आईनं पहिल्याच रविवारी काढून मामाकडे नेली. महिनाभर आई मामाच्या ऑफिसात, त्याच्या कॉम्प्युटरवर काम करतेय. तुम्हाला विचारून नेली, तुम्हीच हो हो म्हणालात.

महिनाभर मला कुणी सांगितलं का नाही? तर म्हणे आईनं सांगितलं होतं, करू दे त्यांना, मध्ये पडू नकोस, तेवढाच जीव रमतो.

नंतर. शांतपणे विचार केला. याचा अर्थ माझी जोडणी पहिल्यापासून निर्दोष होती. आधीचा बोर्डही निर्दोष होता. दोष एकच, डिस्क नव्हती, आणि ती मी काढलेली नाही. प्रकरण माझ्या बाजूनं निकाली.

१ मार्च, शनिवार

नवी डिस्क आणली, मुलीनं तिच्यात लागणारे प्रोग्रॅम भरून दिले. शीर्ष: संकीर्ण. सगळी शीर्षं मिळून त्या पैशांत एक अख्खा नवा कॉम्प्युटर आला असता, असं मुलगी म्हणते. तिला शीर्षं कळत नाहीत.

चालू झाला!!! बटण दाबलं आणि हात मागे घ्यायच्या आत सुरू. काय वेग! कॅल्क्युलेटर उघडून पाहिला. झटकन उघडला. बंद केला. पुन्हा उघडला.

४ मार्च, मंगळवार

बायकोला काम मिळालं. अख्खी इमारत. तिच्या नावावर.

ती मुलीच्या गळ्यात पडली, भावाला फोन केला, फोनवर रडली. मी टेबलापाशी उभा होतो, जरा प्रकाशात. आपली पाळी येणारच. आलीही. माझा हात धरून म्हणाली, तुम्ही त्या दिवशी टेप धरलात त्याचा फार उपयोग झाला, तोच नमुना त्यांना आवडला.

टेप! मी म्हणालो, आणि कॉम्प्युटर? आता तयार आहे, उद्यापासून इथेच काम कर. तिनं बसून पाहिला. खरंच फास्ट झालाय हो, असं अगदी मनापासून म्हणाली. मग म्हणाली, पण मी भावाच्या ऑफिसातलं एक टेबल भाड्यानं घेतलंय. तिथे शांत वाटतं. तिथे कुणी काही दुरुस्त करत नाही.

शेवटचं वाक्य सहज बोलली. तेच जास्त लागलं.

८ मार्च, शनिवार

आज नमुन्याचं चित्र प्रथमच पाहिलं. आपलंच स्वयंपाकघर, पण ओळखू येत नाही. ऐसपैस, उजेड भरलेलं. लांबलचक ओटा, कपाटं, बसायला बाक. सुंदर आहे. नवरा म्हणून लिहीत नाही, हिशेबनीस म्हणून लिहितो. तिला इतकं येतं हे मला माहीत नव्हतं. शेजारच्या खोलीत बसून माहीत नव्हतं.

मग लक्षात आलं, भिंतीजवळचं कॉम्प्युटरचं टेबल चित्रात नाहीच. तिथून ओटा गेलाय. विचारलं. म्हणाली, माप घेतलं तेव्हा तिथे नुसते स्क्रू आणि तारा पडल्या होत्या, ते काय दाखवायचं? म्हणून जागा मोकळी धरली.

बिल्डरला ते इतकं आवडलं की गिऱ्हाइकांना दाखवायला पहिलं स्वयंपाकघर तो स्वतःच्या खर्चानं आपल्याकडेच करून देणार आहे.

१० मार्च, सोमवार

सुतार आला. भिंत मोजली. हे खोकं इथून हलवा म्हणाला. मी म्हटलं, याला खोकं म्हणू नका, यात काय काय बसवलंय ठाऊक आहे का? तो म्हणाला, असेल, पण ओटा इथून जाणार. बायको कामावर होती. मुलगी कॉलेजला.

हॉलमध्ये जागा नाही. झोपायच्या खोलीत नाही. शेवटी स्टूल घेतलं आणि मीच कॉम्प्युटर उचलून माळ्यावर ठेवला. वजन बरंच आहे. चांगले पार्ट्स आहेत.